सहा रूपे, तीन उच्चार

गेल्या जूनपासून मी दर शनिवारी आणि रविवारी सकाळी फ्रेंचच्या वर्गाला जाते. माझे वय सत्तेचाळीस आहे, वर्गातील बहुतेक मुले माझ्या निम्म्या वयाची आहेत आणि त्यांच्यापैकी निम्म्यांना पुढच्या वर्षी फ्रान्स किंवा कॅनडात शिकायला जायचे आहे. माझे कारण त्यांच्या मानाने अगदी घरगुती आहे. धाकटी बहीण लिओं शहरात राहते आणि तिच्या सहा वर्षांच्या मुलाला मराठी सगळे समजत असले, तरी उत्तर मात्र तो फ्रेंचमध्येच देतो. त्याच्या अर्ध्या वाक्यांचा अर्थ बहिणीला विचारावा लागतो, याचा एके दिवशी कंटाळा आला आणि मी नाव नोंदवले.

दुसऱ्याच तासाला शिक्षिकेने फळ्यावर ‘पार्ले’ हे क्रियापद लिहिले. पार्ले म्हणजे बोलणे. मागच्या बाकावरून कोणीतरी ‘ईस्ट की वेस्ट?’ असे विचारले आणि वर्ग हसला; माझ्या मनात बिस्किटाचा पुडा आला होता, तो मी बोलून दाखवला नाही. मग त्याची वर्तमानकाळातील सहा रूपे आली: झ पार्ल, त्यू पार्ल, इल पार्ल, नू पार्लों, व्हू पार्ले, इल पार्ल. (यातला ‘झ’ झाडातला नव्हे, ‘टेलिव्हिजन’ म्हणताना ओठ पुढे काढून जो ध्वनी येतो, तो. फ्रेंच उच्चार देवनागरीत बसवताना अशी ओढाताण होणारच, ती वाचकांनी चालवून घ्यावी.) मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते अशा सहा जणांसाठी सहा रूपे आहेत, पण ऐकू येतात ती फक्त तीनच: पार्ल, पार्लों आणि पार्ले. ‘मी बोलते’, ‘तू बोलतेस’, ‘तो बोलतो’ आणि ‘ते बोलतात’ ही चारही रूपे कानाला तंतोतंत सारखी आहेत. वहीत मात्र ‘मी’साठी शेवटी ई, ‘तू’साठी ई-एस, ‘तो’साठी पुन्हा ई आणि ‘ते’साठी ई-एन-टी लिहायचे असते आणि यातील एकाही अक्षराचा उच्चार करायचा नसतो.

मराठी माणसाला हे पहिल्यांदा अन्यायाचे वाटते, कारण आपल्याकडे जे लिहायचे ते बोलायचे असते. आपले प्रत्यय इतके स्पष्ट ऐकू येतात, की कर्ता गाळला तरी काही अडत नाही. फोनवर कोणी नुसते ‘येतेस का?’ म्हटले, तरी कोणाला विचारले, एकीला की अनेकींना, हे सगळे त्या एका शब्दात असते. फ्रेंचमध्ये नुसते ‘पार्ल’ म्हटले तर कोण बोलते याचा पत्ता लागत नाही, म्हणून ‘झ’, ‘त्यू’, ‘इल’ ही सर्वनामे क्रियापदाला कायमची चिकटलेली असतात आणि ती गाळता येत नाहीत. जुन्या फ्रेंचमध्ये हे शेवटचे वर्ण उच्चारले जात असत. बोलण्यात ते शतकानुशतके झिजत गेले, लेखनाने मात्र ते जपून ठेवले. थोडक्यात, आपल्या प्रत्ययाचे काम तिथे कानासाठी सर्वनाम करते आणि डोळ्यांसाठी मुके अक्षर करते. हे एकदा कळल्यावर मी वहीत प्रत्येक क्रियापदाचे दोन रकाने केले, एक लिहिण्याचा आणि एक ऐकण्याचा, आणि माझी निम्मी भीती तिथेच गेली.

उरलेली निम्मी भीती इंग्रजीमुळे होती, हे समजायला मला आणखी दोन महिने लागले. आमचे पुस्तक फ्रेंचमध्ये आहे, वर्गात समजावून सांगणे इंग्रजीत चालते आणि प्रत्येक जण मनातल्या मनात मराठी किंवा हिंदी वाक्याचे आधी इंग्रजी करून मग त्याचे फ्रेंच करतो. इंग्रजी क्रियापदाला वर्तमानकाळात रूपे जवळजवळ नाहीतच. एक ‘एस’ लागला की काम संपले. त्यामुळे इंग्रजीच्या बाजूने पाहिले की फ्रेंच क्रियापद हे मोठे संकट दिसते. ज्याने आठवी ते दहावी संस्कृत घेतले आहे, ‘गच्छामि गच्छावः गच्छामः’ असे वर्गात सुरात म्हटले आहे, त्याला यात नवीन काय आहे? धातू आहे, त्याचा गण आहे, पुरुष आणि वचन आहे, प्रत्यय आहे. फ्रेंच व्याकरणकार क्रियापदांचे जे तीन ‘ग्रूप’ करतात, ते आपल्या दृष्टीने गणच आहेत, आणि संस्कृतात दहा आहेत तिथे फ्रेंचमध्ये तीनच आहेत. शिवाय द्विवचन नाही, म्हणजे नऊ रूपांऐवजी सहाच. आमच्या वेळी ‘संस्कृत की फ्रेंच’ असा पर्याय शाळेत असायचा आणि तो एकमेकांच्या विरुद्ध मांडला जायचा. प्रत्यक्षात एक विषय दुसऱ्याची पूर्वतयारी ठरतो, हे मला तेहतीस-चौतीस वर्षांनी समजले.

पहिल्या गणात मूळ रूपाच्या शेवटी ई-आर असणारी क्रियापदे येतात आणि फ्रेंचमधील दर दहांपैकी सुमारे नऊ क्रियापदे याच गणातील आहेत. नवे क्रियापद तयार झाले तर तेही बहुधा याच गणात जाते. आपण ‘क्लिक’ला ‘करणे’ जोडतो आणि मोकळे होतो. फ्रेंच लोक सरळ ‘क्लिके’ असा नवा धातू करतात आणि तो पार्लेप्रमाणे सहा रूपांत चालवतात. दुसरा गण आय-आरने संपणाऱ्या, ‘फिनीर’ म्हणजे संपवणे या नमुन्याच्या क्रियापदांचा आहे. झ फिनी, त्यू फिनी, इल फिनी इथपर्यंत सारे सारखे आणि पुढे अनेकवचनात एकदम ‘स’ उगवतो: नू फिनिसों, व्हू फिनिसे, इल फिनिस. इथे एक दिलासा आहे. पहिल्या गणात ‘तो’ आणि ‘ते’ यांचे रूप कानाला एकच वाटत होते; इथे ‘फिनी’ आणि ‘फिनिस’ यांतला फरक ऐकू येतो. तिसऱ्या गणातही पुष्कळदा तसेच होते. तो झोपतो म्हणजे ‘इल दोर’, ते झोपतात म्हणजे ‘इल दोर्म’. तो निघतो म्हणजे ‘इल पार’, ते निघतात म्हणजे ‘इल पार्त’. धातूच्या शेवटचे व्यंजन एकवचनात गप्प बसते आणि अनेकवचनात बोलू लागते.

सर्वांत आधी पाठ करावी लागतात ती मात्र कोणत्याच नमुन्यात न बसणारी क्रियापदे, कारण रोजच्या बोलण्यात तीच सर्वाधिक येतात. ‘एत्र’ म्हणजे असणे. झ स्वी, त्यू ए, इल ए, नू सॉम, व्हू जेत, इल सों. फळ्यावर ही सहा रूपे पाहून शेजारच्या मुलीने सुस्कारा टाकला आणि ‘यात काही लॉजिकच नाही’ असे म्हणाली. मी वहीच्या समासात संस्कृतातील ‘अस्’ धातूची रूपे लिहून काढली: अस्मि, असि, अस्ति, स्मः, स्थ, सन्ति. मध्ये लॅटिनची ओळ घातली: सुम्, एस्, एस्त्, सुमुस्, एस्तिस्, सुन्त्. आता ‘स्मः, सुमुस्, सॉम’ आणि ‘सन्ति, सुन्त्, सों’ असे तीन-तीन शब्द शेजारी ठेवून वाचावेत. १७८६ साली कोलकात्यात एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मुळातून निघाल्या असाव्यात असे म्हटले होते. ते वाक्य पूर्वी माझ्यासाठी सामान्यज्ञानाचा प्रश्न होते. त्या दिवशी ते माझ्या स्वतःच्या अक्षरात समासात उतरले होते. ‘व्हू जेत’मधील ‘एत’ लिहिताना पहिल्या ‘ई’वर छपरासारखी एक खूण काढतात. तिथे पूर्वी ‘एस’ होता आणि तो गळाला, याची ती खूण आहे. ‘एस्तिस्’मधला ‘स्’ त्या छपराखाली आहे. ‘ते बोलतात’ या रूपातील मुके एन-टीसुद्धा लॅटिनमधून आलेले, ‘पठन्ति’तील ‘न्त’चे भावंड आहे. मुकी अक्षरे पाठ करणे मला तेव्हापासून जड गेले नाही.

‘आव्ह्वार’ म्हणजे जवळ असणे, याचे मात्र संस्कृतच्या साहाय्यानेही फारसे जमले नाही. झे, त्यू आ, इल आ, नू जाव्हों, व्हू जाव्हे, इल जों ही रूपे तशी छोटी आहेत. अडचण दोन प्रकारची आहे. पहिली कानाची: ‘इल सों’ म्हणजे ते आहेत आणि ‘इल जों’ म्हणजे त्यांच्याकडे आहे. सगळा फरक एका ‘स’ आणि ‘ज’चा आहे, आणि हा ‘ज’ ‘जरा’मधला घ्यायचा, ‘जीवन’मधला नव्हे. एरवी मुका असणारा ‘इल’चा एस पुढे स्वर आल्यामुळे ‘ज’ होऊन पुढच्या शब्दाला जोडला जातो. फ्रेंचमध्ये याला ‘लिएजों’ म्हणतात आणि आपण त्याला संधी म्हणू. दुसऱ्या बाजूने ‘झ’ या सर्वनामातील स्वर पुढच्या स्वरात गडप होतो आणि त्याच्या जागी वर एक स्वल्पविरामासारखी खूण येते. ‘सोऽहम्’मधील अवग्रह ज्याने पाहिला आहे, त्याला ‘झे’ किंवा ‘झेम’ (मला आवडते) यांतली ती खूण समजावून सांगावी लागत नाही.

दुसरी अडचण विचाराची आहे. मराठीत ‘जवळ असणे’ यासाठी स्वतंत्र क्रियापदच नाही. मला दोन भाऊ आहेत, माझ्याकडे पैसे आहेत, माझ्यात धीर आहे, मला ताप आहे. प्रत्येक वेळी जो ‘मी’ आहे तो कर्ता न राहता विभक्ती लावून बाजूला बसतो. फ्रेंचमध्ये या सर्व ठिकाणी ‘मी’ समोर येतो आणि वस्तू धरून उभा राहतो. भूकसुद्धा तिथे माझ्यापाशी असते: ‘झे फॅं’. वयसुद्धा माझ्यापाशी असते. मी सत्तेचाळीस वर्षांची ‘आहे’ असे न म्हणता माझ्याकडे सत्तेचाळीस वर्षे आहेत, असे म्हणायचे. वय विचारल्यावर मी तीन वेळा ‘झ स्वी’ म्हणून सुरुवात केली आणि तिन्ही वेळा शिक्षिकेने मान हलवली. गंमत अशी, की ‘स्वी’ ही चूक माझ्या इंग्रजीतून आली होती की मराठीतून, हे मला अजून ठरवता आलेले नाही, कारण दोन्ही भाषा इथे ‘असणे’च वापरतात.

‘आले’ म्हणजे जाणे हे ई-आरने संपत असूनही पहिल्या गणाचे नियम न पाळणारे क्रियापद. झ व्हे, त्यू व्हा, इल व्हा, नू जालों, व्हू जाले, इल व्हों. ‘व्हा’ आणि ‘आलों’ हे एकाच क्रियापदाचे भाग कसे, असा प्रश्न वर्गात एकाने विचारला. ते मुळात वेगवेगळ्या लॅटिन धातूंचे तुकडे असून काळाच्या ओघात एका घरात राहू लागले, हे त्याचे उत्तर. मला त्या प्रश्नाचेच नवल वाटले, कारण आपण तरी काय करतो? ‘जातो’ म्हणतो आणि ‘गेलो’ म्हणतो. त्यातला ‘जा’ संस्कृत ‘या’ धातूकडून आलेला आणि ‘गे’ ‘गम्’कडून. ‘होतो’ आणि ‘झालो’ यांचेही तेच. असे असताना परक्या भाषेतील दोन तुकडे पाहून त्रागा करण्याचा अधिकार मराठी माणसाला फारसा नाही. ‘फेर’ म्हणजे करणे आणि ‘दीर’ म्हणजे सांगणे यांच्याबद्दल एवढेच लक्षात ठेवले, की ‘व्हू’च्या रूपाला सर्वत्र ई-झेड लागत असले, तरी एत, फेत आणि दीत या तिघांना ते लागत नाही, तसेच ‘ते’चे रूप ‘ओं’ने संपते ते सों, जों, व्हों आणि फों या चारच क्रियापदांत.

लेखनातील बारीकसारीक बदल, म्हणजे ‘आम्ही खातो’ लिहिताना एक जास्तीचा ई घालणे किंवा ‘आम्ही सुरू करतो’ लिहिताना सीला खाली शेपूट देणे, हे उच्चार बिघडू नये यासाठी केलेले जुगाड आहेत आणि ते दोन दिवसांत अंगवळणी पडतात. ‘विकत घेणे’सारख्या क्रियापदांचे प्रकरण जास्त गोड आहे. मी विकत घेते: ‘झाशेत’. आम्ही विकत घेतो: ‘नू जाश्तों’. ‘मी’, ‘तू’, ‘तो’ आणि ‘ते’ यांच्या रूपांत प्रत्यय मुका असल्यामुळे धातूतला शेवटचा स्वर ठळक ऐकू येतो. ‘आम्ही’ आणि ‘तुम्ही’ यांचे प्रत्यय उच्चारले जातात, त्यामुळे तोच स्वर दबून जवळजवळ नाहीसा होतो. पुस्तकात ही चार रूपे बुटाच्या आकाराने अधोरेखित करून पाठ करायला सांगितली होती. मला बुटाची गरज पडली नाही. दूध म्हणताना ऊकार दीर्घ आणि दुधात म्हणताना ऱ्हस्व, फूल आणि फुलाला, मूल आणि मुलाला; पुढे प्रत्यय चढला की मागचा स्वर आखडतो, हे आपण शुद्धलेखनाच्या गुणांपायी लहानपणापासून शिकलेलो आहोत.

तिसऱ्या गणातील क्रियापदांसाठी मी शेवटी स्वतःचीच एक पद्धत केली. सहाही रूपे पाठ न करता तीन खुंट्या ठोकायच्या: ‘मी’, ‘आम्ही’ आणि ‘ते’. पिणे: ब्वा, ब्यूव्हों, ब्वाव्ह. घेणे: प्राँ, प्रनों, प्रेन. येणे: व्हियँ, व्हनों, व्हिएन. ‘तू’ आणि ‘तो’ ही रूपे बहुतेक वेळा ‘मी’च्याच खुंटीवर टांगता येतात आणि ‘तुम्ही’चे रूप ‘आम्ही’च्या. पोळ्या लाटताना मी हे तीन-तीन शब्द म्हणते आणि एक पोळी होईपर्यंत एक क्रियापद होते. घरात त्याची चेष्टा होते, ती होऊ द्यावी. फ्रान्समध्ये शाळकरी मुलांनाही हे पाठच करावे लागते आणि लुई-निकोला बेशरेल या व्याकरणकाराच्या १८४२ सालच्या क्रियापदांच्या पुस्तकापासून रूपांच्या तक्त्यांच्या पुस्तकालाच तिथे ‘बेशरेल’ म्हणायची पद्धत पडली आहे, हे कळल्यावर मला फार बरे वाटले.

‘त्यू’ आणि ‘व्हू’ यांच्यासाठी वर्गात इंग्रजीतून बराच वेळ गेला. मराठीत ते दोन शब्दांचे काम होते. फ्रेंचमध्ये ‘तुत्वाये’ आणि ‘व्हूव्हाये’ अशी दोन क्रियापदेच आहेत आणि त्यांचा अर्थ अनुक्रमे अरेतुरे करणे आणि अहोजाहो करणे असा आहे. एका माणसाला आदराने अनेकवचनी क्रियापद लावणे हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. पण नेमक्या याच सवयीने मला एकदा खड्ड्यात घातले. ‘माझे वडील नागपूरला राहतात’ हे वाक्य गृहपाठात लिहिताना मी क्रियापदाला ‘ते’चे ई-एन-टी लावले. वडील म्हटल्यावर एकवचन हाताला लिहवेचना. शिक्षिकेने त्याखाली लाल रेघ मारून ‘किती वडील?’ असे लिहिले. फ्रेंचमध्ये आदर समोरच्यापुरता असतो. पाठीमागे सगळे ‘इल’ आणि ‘एल’, मग ते वडील असोत, शिक्षक असोत की राष्ट्राध्यक्ष. ही चूक बोलण्यात लपून गेली असती, कारण ‘आबीत’ हा उच्चार दोन्हीकडे सारखाच आहे. पुढच्याच वाक्यात मी ‘माझे वडील निवृत्त आहेत’ म्हणताना ‘सों’ म्हटले, तेव्हा मात्र सगळ्या वर्गाला ते ऐकू गेले.

लिंगाच्या बाबतीत उलटे घडते. मराठीत ‘मी बोलते’ म्हटल्याबरोबर बोलणारी बाई आहे हे कळते. फ्रेंच वर्तमानकाळात ‘झ पार्ल’ म्हणणारा पुरुष आहे की स्त्री, हे क्रियापद सांगत नाही. वर्गातल्या मुलांना हे सोपे वाटले. मला मात्र पहिले काही दिवस आपण कोणाच्या तरी दुसऱ्याच्या नावाने बोलत आहोत असे वाटत राहिले.

इंग्रजीचा आडवळणाचा रस्ता सर्वांत महाग पडतो तो वर्तमानकाळाच्या वापरात. ‘मी वीस वर्षांपासून पुण्यात राहते’ याचे इंग्रजी करताना काळच बदलावा लागतो, आणि मग ते फ्रेंचमध्ये नेताना मुले पुढच्या धड्यातला भूतकाळ शोधू लागतात. फ्रेंचमध्ये साधा वर्तमानकाळ आणि ‘दप्वी’, म्हणजे ‘पासून’, एवढेच पुरते. मराठी वाक्य जसेच्या तसे बसते. ‘उद्या निघते’ हेही तसेच, भविष्यकाळाची गरज नाही. माहीत असणे आणि ओळखणे यांसाठी इंग्रजीत एकच शब्द आहे, तर फ्रेंचमध्ये आपल्यासारखीच दोन क्रियापदे आहेत, ‘साव्ह्वार’ आणि ‘कोनेत्र’. ‘मला हे आवडते’ यातला ‘मला’सुद्धा ‘सा म प्ले’ या वाक्यात जागच्या जागी सापडतो. एका ठिकाणी मात्र दोन्ही भाषांचे काळ जुळत नाहीत. जेवायला हाक मारल्यावर माझा भाचा आतल्या खोलीतून ‘झारीव्ह!’ असे ओरडतो, म्हणजे ‘मी पोहोचतो’, आणि खेळत बसतो. आपण ‘आलो, आलो!’ असे थेट भूतकाळात ओरडतो आणि तरीही जागचे हलत नाही.

गेल्या रविवारी मी त्याला पहिल्यांदाच संपूर्ण फ्रेंचमध्ये प्रश्न विचारला. डिसेंबरमध्ये तुम्ही सगळे येणार का, असे विचारायचे होते, म्हणून ‘व्हू व्हने?’ असे ‘व्हू’चे रूप नीट जुळवून ठेवले होते आणि उत्तरात ‘नू व्हनों’ ऐकण्यासाठी कान तयार केले होते. ‘उई मावशी, ओं व्हियँ,’ तो म्हणाला. ‘ओं’ म्हणजे आपण, आम्ही, लोक, कोणीही. रोजच्या बोलण्यात ‘नू’ची जागा बहुतेक त्यानेच घेतलेली असते आणि क्रियापद मात्र ‘तो’चे, एकवचनी लागते. म्हणजे पोळ्या लाटताना मी जी मधली खुंटी इतक्या कष्टाने ठोकली होती, ती हा मुलगा घरात बहुधा वापरतच नाही. मी वहीत ‘इल’च्या ओळीशेजारी ‘ओं’ लिहून घेतले आणि त्याला विचारले, की मग ‘नू’ कधी म्हणतात. त्याने थोडा विचार केला आणि मराठीत उत्तर दिले, ‘शाळेत लिहिताना.’